बोटभर तलवारीचा मंतर

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. तलवार म्हटल्यावर तुम्ही माझी लांबी बघणार आणि हसणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. मी जेमतेम बोटभर आहे, बाभळीच्या लाकडाची आहे आणि उभ्या आयुष्यात मी एकदाच रक्त काढलं. तेही मला घडवताना रामकिसन सुताराच्या अंगठ्यात लाकडाची कूस गेली म्हणून. तरीसुद्धा मी साधीसुधी तलवार नाही, मंतरलेली आहे. माझ्या मुठीवर एकेकाळी तीन दोरे होते आणि प्रत्येक दोऱ्यात एक मंतर होता. दोन दोरे कधीच गेले. तिसरा अजून आहे, आणि त्याचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. बेंबळीच्या रस्त्याला तेव्हा खडी फोडायचं काम निघालं होतं. आसपासच्या गावांतली माणसं सकाळी येत, दगडाला रबराच्या कड्यात धरून हातोडीनं फोडत आणि आपापला ढीग लावत. रामकिसन तिथं कुदळीचे दांडे बसवून द्यायचा. एक दांडा गाठीवरच मोडला. तो चुलीत जायचा, पण धुरपदाबाईंनी त्याचा तुकडा मागितला.

"रामकिसन, मला ह्यातनं एक तलवार काढून दे."

"तलवार कशाला काकू? मुकादमाला मारताव का काय?"

"राक्षस मारायचाय. मुकादमाचं मागनं बगू."

धुरपदाबाई साठीच्या, पुढं-मागं कुणी नसलेल्या, आणि गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारच्या सुट्टीत काठ्यांवर पोतं बांधून केलेल्या सावलीत त्या गोष्ट सांगत. भाकरी लवकर संपायची आणि सुट्टी उरायची, तेव्हा पोटाला विसरायला गोष्ट बरी पडायची. एके दिवशी त्या सांगत होत्या की राजकन्या गडावर कोंडली गेली आणि रडत बसली. तेवढ्यात सत्यभामा मध्येच बोलली. ही वर्षाच्या आत लग्न होऊन गावात आलेली कुणाची सून, जिभेला हाड नसलेली.

"काकू, म्या तिच्या जागी असते तर रडले नसते. खिडकीतनं उडी मारली असती."

धुरपदाबाई थांबल्या. त्यांनी ओच्यातून चार फोडलेले चिंचोके काढले. चिंचोका फोडला की एका अंगानं पांढरा असतो, एका अंगानं काळसर. "मार मग उडी," त्या म्हणाल्या. "दोन पांढरे पडले तर वाचलीस. न्हायतर पाय मोडला."

खेळ सुरू झाला तो असा. त्या दिवसापासून माणसं गोष्ट ऐकेनाशी झाली, गोष्टीत शिरायला लागली. सत्यभामा भिंतीवर चढणारी चोरटी झाली. रामकिसन भुयारं खणणारा झाला. दगडोबा घोड्यावरचा सरदार झाला. धुरपदाबाई त्यांना गडाच्या दारात उभं करत आणि विचारत, "समोर हे असं हाय. काय करताव?" गडाखालच्या बारवेत पाणीप्या नावाचा राक्षस मुलखातलं सगळं पाणी पिऊन झोपला होता. त्याला मारायचं आणि पाणी सोडवायचं, एवढंच त्या खेळाचं काम होतं. बाहेर आड आटलेले असताना ते काम कुणाला खोटं वाटत नव्हतं.

राक्षस म्हटला की हत्यार आलं, आणि हत्यार म्हणजे मी! चारी चिंचोके पांढरे पडले की त्या गड्यानं माझ्यावर एक मंतर बांधायचा. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचा आणि मुठीला एक दोरा गुंडाळायचा. बोललं ते बांधलं. मागनं शब्द फिरवायचा नाही की वाढवायचा नाही. तीनाच्या वर मंतर नाहीत. आणि एकानं दुसऱ्याला तलवार द्यायची तर मला भुईला टेकवायचं नाही. धुरपदाबाई बोट नाचवून सांगायच्या, "भुईला टेकली की मंतर उतरला!"

हे कायदे त्यांनी केले खरे, पण समोर दगडोबा आहे हे त्या विसरल्या. दगडोबा बरी जमीन बाळगून असलेला, चाळिशीचा माणूस. दुष्काळानं त्याच्याही हातात हातोडी दिली होती. बांधाच्या भांडणापायी त्यानं कोर्टाच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या होत्या की वकील परवडला, पण दगडोबा नको, असं गाव म्हणायचं. कायदा ऐकला की आधी त्यातली फट शोधायची, ही त्याची जन्माची खोड.

पहिला मंतर सत्यभामेनं लाल दोऱ्यानं बांधला, एका घावात मुंडकं उडण्याचा. दुसरा दगडोबानं आपल्या करदोड्याचा काळा धागा तोडून बांधला, मेलेला गडी दिवसातून एकदा उठवण्याचा. त्यानं मेलेल्या रामकिसनला उठवलं आणि लगेच सत्यभामा भिंतीवरून पडून मेली. आता उद्यापर्यंत थांबणं आलं. पण थांबेल तो दगडोबा कसला?

"काकू, म्या तळघरात शिरतो," तो म्हणाला. "अंधार झाला. मंजे रात झाली. आता भाईर येतो. उजाडलं का न्हाय? झाला दुसरा दिस. ऊठ गं सत्यभामे."

"आरं, पर सूर्य कुठं गेलता?"

"सूर्याचं कोण बोललंय? मंतरात दिस मनला व्हता. बोललं ते बांधलं!"

धुरपदाबाई आपल्याच कायद्यात सापडल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सत्यभामा जिवंत झाली. दुसऱ्या दिवशी दगडोबा माझ्यासाठी कडब्याच्या ताटाचं म्यान करून घेऊन आला. म्यान हे वेगळं हत्यार, म्हणून त्याच्यावर आणखी तीन मंतर बांधता येतील, असा त्याचा दावा. धुरपदाबाई म्हणाल्या, "बांध की. पर म्यान मारायला काढलं तर तलवार उघडी, आन् तलवार घातली तर म्यान अडकलं. कुणाचा मंतर चालवणार?" दगडोबा दाढी खाजवत बसला. ते म्यान शेवटी सत्यभामेनं दात कोरायला घेतलं.

खरं सांगते, मला हे फार आवडायचं. आपल्याबद्दल कुणी इतकं बारीक भांडतंय, याचं सुख काही वेगळंच असतं. तुम्ही एखाद्या खऱ्या तलवारीला विचारा, तिच्या नशिबी हे आलं होतं का ते.

मग एक दिवस वाटेतला एक पहारेकरी राक्षसच बिनमुंडक्याचा निघाला. मुंडकं उडवायचा मंतर चालेना. दगडोबा म्हणे, आधी त्याला मुंडकं लावा, मग मी उडवतो. वाद वाढला. तेवढ्यात पलीकडच्या ढिगावरून एक बाई ओरडली, "आवो, ज्याला मुंडकं न्हाय त्याला तुमी दिसताव कशानं? गुमान बाजूनं जावा की!"

सगळे हसले. ती पुतळाबाई होती, दगडोबाच्याच गावच्या बौद्ध वस्तीतली. सुट्टीत ती आपल्या ढिगाशीच बसून भाकरी खायची आणि कान मात्र आमच्या पोत्याखाली ठेवायची. धुरपदाबाईंनी हाक मारली, "लांबनं काय बोलतीस? ये, बस हितं."

ती आली. सत्यभामेनं सरकून जागा दिली. दगडोबानंही सरकून घेतलं, पण ते जागा द्यायला नव्हे, धोतर आवरायला. तोंडानं तो काही बोलला नाही. तिच्याशी तर नाहीच. "तिला चिंचोके टाका मनावं, काकू," असं तो धुरपदाबाईंना सांगायचा, आणि ती हातभर अंतरावर बसलेली असायची.

पुतळाबाई गोष्टीत नाडी बघणारी वैदीण झाली, आणि काय खेळायची म्हणता! आठवडाभरात तिनं सापांची खोली पार केली. एकदा मला दगडोबाकडून तिच्याकडे जायचं आलं. दगडोबानं मला दोन बोटांत धरलं, तिच्या ओंजळीवर वितभर उंच नेलं आणि सोडून दिलं. मी पडले. भुईला टेकले नाही, तिच्या हातात पडले, म्हणून मंतर राहिला. पण पुतळाबाईचा चेहरा उतरलेला मला जवळून दिसला. तिच्या माणसांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा सासऱ्यानं घरात ठणकावलं होतं, की वरून टाकलेलं यापुढं कुणी झेलायचं नाही. ती खेळाच्या नादात झेलून बसली होती.

तरी ती उठली नाही. खेळात तिचा जीव गुंतला होता. तिला एवढंच हवं होतं की मला तिच्या हातून कुणी सरळ हातात घ्यावं. बोटभर लाकडाचा तुकडा तो, त्यात मागणं ते काय मोठं?

आणि ती वेळ आलीच. गोष्टीत दगडोबाचा सरदार भुयारात अडकला. तलवार मिळाली नाही तर तो मरणार आणि खेळातून जाणार. मी पुतळाबाईकडे होते. तिनं मला तळहातावर ठेवलं आणि हात पुढं केला. "घ्या अण्णा."

दगडोबानं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या ढिगावरून त्याच्या भावकीतली माणसं बघत होती. त्यानं खांद्यावरून पटका काढला आणि त्याचं टोक समोर पसरलं.

"हितं ठिव मनावं तिला, काकू."

"भुईला टेकली तर मंतर उतरंल," धुरपदाबाई म्हणाल्या.

"भुईला कुठं? पटक्यावर हाय. कायद्यात बसतंय."

आणि बसतच होतं, मित्रांनो. तळघरातल्या रात्रीसारखंच ते कायद्यात नीट बसत होतं. पण या वेळी कुणी हसलं नाही. पुतळाबाईचा हात तसाच पुढं राहिला. मग तिनं मला हळूच पटक्यावर ठेवलं. तिच्या तळव्याचा घाम माझ्या मुठीला तसाच होता.

"मंतर ऱ्हायला असंल काकू," ती म्हणाली, "पर म्या उठते." आणि ती आपल्या ढिगाकडे गेली.

मला लाज वाटली. लाकडाला लाज वाटते का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, वाटते. ज्या फटींच्या भांडणांवर मी इतके दिवस खूश होते, त्यातल्याच एका फटीतून आज एका बाईला बाहेर काढलं होतं, आणि त्या कामाला मी वापरली गेले होते.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई मला कनवटीला खोचून तिच्या ढिगाशी गेल्या. "पुतळे, म्या कायदा बदलते. फडकं चालायचं न्हाय मनते."

पुतळाबाई हातोडी चालवतच बोलली. "नगा बदलू. हिच्यासाठी कायदा मोडला मनतील आन् तुमचा खेळ खोटा पडंल. म्या येते. खेळूनच बगते."

ती आली. पण तो दिवस आमचा नव्हता. बारवेच्या तळाशी पाणीप्या जागा झाला आणि त्यानं एकेकाला गिळायला सुरुवात केली. सत्यभामा गेली. रामकिसन गेला. पुतळाबाईखेरीज दगडोबाचा सरदार तेवढा उभा होता, तोही रिकाम्या हातानं. मी पुतळाबाईच्या हातात होते. तिनं चिंचोके टाकले आणि चारी पांढरे पडले.

"मंतर बोल," धुरपदाबाई म्हणाल्या. शेवटचा मंतर होता.

पुतळाबाईनं आपल्या पदराचा पांढरा धागा ओढला आणि माझ्या मुठीला गुंडाळत म्हणाली, "ही तलवार राक्षसावर दोगांनी संगं धरली तरच चालंल. हाताला हात लागला पायजे, मदी फडकं न्हाय. एक हात माजा."

मी बोटभर. मला दोघांनी धरायचं तर बोटांवर बोटं येणारच. शेजारच्या ढिगावर कुणीतरी मुद्दाम खोकलं. दगडोबा माझ्याकडे टक लावून बघत होता आणि त्याचे डोळे बारीक झाले. ती खूण मला ओळखीची होती. त्याला फट दिसली होती.

"ह्यात फट हाय," तो म्हणाला.

सत्यभामेलाही ती दिसली होती. दुसरा हात कुणाचा, ते पुतळाबाई बोललीच नव्हती. सत्यभामा मेलेली असली म्हणून काय झालं, दगडोबाच्या मंतरानं ती उठली असती आणि तिनं माझी मूठ धरली असती. तिनं तर हात अर्धा उचललासुद्धा.

"दिसली व्हय?" धुरपदाबाई म्हणाल्या. "मग घे तिचा फायदा. बोललं ते बांधलं."

दगडोबानं पहिल्यांदाच पुतळाबाईकडे सरळ पाहिलं. "तुला ठावं व्हती व्हय गं, ही फट?"

"व्हय. म्याच ठिवली."

"कामून?"

"समदं बंद केलं असतं तर तुमी मनानं धरली का बळंनं, ते मला कसं कळावं?"

दगडोबानं पटका खांद्यावर नीट टाकला, हात धोतराला पुसला आणि पुढं केला. "ऱ्हाऊ दे ती फट," तो म्हणाला, आणि त्यानं मला धरलं.

त्याची बोटं तिच्या बोटांवर आली. दोघांच्याही बोटांना हातोडीचे घट्टे पडले होते, धुळीनं दोघांचेही हात पांढरे झाले होते. मी त्या दोन हातांमध्ये पार बुडून गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या अंगात मंतर आहे असं खरंच वाटलं. रामकिसननं चिंचोके टाकले. पाणीप्या मेला. मग बारवेचं पाणी कसं वर आलं, पायरी पायरीनं कसं चढलं, पाटातून कसं वाहत गेलं, कुणाकुणाच्या रानात शिरलं, ते धुरपदाबाई सांगत राहिल्या. मुकादमाची शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही. सत्यभामा रडत होती आणि हसत होती.

पुढं काम संपलं आणि माणसं आपापल्या रानात गेली. जाताना धुरपदाबाईंनी मला पुतळाबाईच्या हातात दिलं. हातातच. दोन वर्षांनी धुरपदाबाई वारल्या आणि तो खेळ त्यांच्याबरोबर गेला.

तुम्हाला वाटेल, त्या दुपारी सगळं गाव बदललं असेल. एका दुपारीनं गाव बदलत नाही. दगडोबा वाटेत भेटला तर "बरं हाय का, पुतळाबाई?" एवढं विचारायचा, पण आपल्या ओसरीवर त्यानं तिला कधी बोलावलं नाही. माझीही दशा झाली. पुतळाबाईच्या घरी मी आधी बुद्धाच्या तसबिरीजवळ होते. मग कोंबड्यांच्या खुराड्याची कडी मोडली आणि मला तिथं खुट्टी म्हणून अडकवलं. कोंबड्या काही तलवारीला मान देत नाहीत. लाल दोरा त्यांनीच टोचून टोचून नेला, काळा कुजून पडला. पांढरा मात्र मळून मुठीला घट्ट बसला. मी कोण होते, हे घरातली पोरंसुद्धा विसरली.

ऐंशीनंतर आमच्या गावात दूध सोसायटी निघाली. पुतळाबाईनं म्हैस घेतली. तिच्या किटलीच्या झाकणाची कडी तुटकी होती, म्हणून तिनं खुराड्यातून मला काढलं, पुसलं आणि झाकणात अडकवलं. अशी मी पहिल्या दिवशी तिच्याबरोबर सोसायटीत गेले. सोसायटीचा चेअरमन दगडोबा होता. केस पिकले होते. तो बाकावर पेपर धरून बसला होता. माप घ्यायला पंचाक्षरी नावाचा तरुण सेक्रेटरी होता. तो लोकांच्या हातून किटल्या घेई आणि मापात ओती.

पुतळाबाईची पाळी आली. तिनं किटली पुढं केली.

"बाई, तितं फरशीवर ठिवा," पंचाक्षरी हसतमुखानं म्हणाला. "म्या घेतो उचलून."

"बाकीच्यांची हातानं घेतलाव की."

"आवो, दूध एकाच कॅनमदी जायचंय. कायद्यात भेद न्हाय. किटली खाली ठिवल्यानं काय व्हतंय?"

पुन्हा तीच फट. पुन्हा कायद्यात नीट बसणारी. रांगेतली माणसं खाली बघू लागली. पुतळाबाईचा हात तसाच पुढं राहिला. किटली काठोकाठ भरलेली होती आणि झाकणात मी अडकले होते. मला पटका आठवला. आता ती किटली ठेवणार, किंवा तेव्हा उठून गेली तशी आजही माघारी जाणार, असं मला वाटलं.

बाक करकरला. दगडोबा उठला होता. चष्म्यातून तो किटलीकडे बघत होता, नव्हे, माझ्याकडे, माझ्या मुठीवरच्या मळक्या पांढऱ्या दोऱ्याकडे. त्यानं पंचाक्षरीला बाजूला सारलं.

"आरं, खाली ठिव काय मनतूस?" तो म्हणाला. "भुईला टेकली की मंतर उतरला!"

त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि पुतळाबाईच्या हातातून किटली घेतली. बोटांवर बोटं आली, भर चावडीशेजारी, सगळ्या गावासमोर. पंचाक्षरी तोंडाकडे बघत राहिला, चेअरमनला म्हातारचळ लागला की काय म्हणून. पुतळाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसली, अगदी धुरपदाबाई हसायच्या तशी. दुसऱ्या दिवसापासून पंचाक्षरी तिची किटली हातानं घेऊ लागला. ते मनानं की चेअरमनच्या धाकानं, हे मला सांगता येणार नाही. पण घेऊ लागला.

मित्रांनो, आता माझं टोक बोथट झालंय आणि अंगाला दुधाचा वास येतो. तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीबाही एखाद्या कडीत अडकलेलं असेल. ते फेकण्याआधी ते कुणाकुणाच्या हातून आलंय, एवढं विचारून घ्या. आणि मी कधी तुमच्याकडे आले, तुमच्याकडून पुढं कुणाला द्यायची वेळ आली, तर तो माणूस कुणीही असो, मला त्याच्यासमोर खाली ठेवू नका. त्याच्या हातात द्या.